शनिवारची संध्याकाळ आणि बारा बाटल्यांचं किट

पत्र

सप्रेम शालोम,

मी ठाण्यात राहते, वय एकोणसाठ. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. दहा महिन्यांपूर्वी माझे मिस्टर गेले. मुलगी-जावई आणि नातू इस्राएलमध्ये अश्दोदला असतात. शुक्रवारची रात्र कशीबशी निघते, पण शनिवारी दिवस मावळला की घर खायला उठतं. शब्बाथ हा आमचा विसाव्याचा दिवस. तो संपताना घरी करायचा विधी, हावदाला, हेच करायचे. ते गेल्यापासून घरात झालेला नाही. सिनेगॉगला जाते, पण मध्येच रडू येतं. लोकांचा शब्बाथ कशाला खराब करायचा, म्हणून मागच्या बाकावरून उठून घरी येते. झोपेसाठी डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली आहे.

आमच्या सोसायटीतल्या एक बाई सुगंधी तेलांचं काम करतात. त्यांनी बारा बाटल्यांचं एक किट आणून ठेवलंय. 'तुमच्याच धर्मग्रंथातली तेलं आहेत' म्हणतात. त्यात फ्रँकिन्सेन्स आहे, गंधरस आहे, आणि 'मोशेचं अभिषेकाचं तेल' म्हणून एक मिश्रणही आहे. थेंबभर टाळूवर चोळायचं, थेंबभर जिभेखाली घ्यायचं आणि तेहिलीम (आमच्या धर्मग्रंथातली स्तोत्रं) म्हणायचं. प्रत्येक तेलाची 'फ्रिक्वेन्सी' असते, त्यामुळे दुःख शरीरातून निघून जातं आणि गोळीही सुटते, असं त्यांचं म्हणणं. किंमत साडेसोळा हजार. बाई मनाने वाईट नाहीत, नाही म्हणायला जड जातं.

दुसरीकडे माझ्या जाऊबाई म्हणतात, नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही, अत्तर-तेल कसलं लावतेस? कपाटात यांच्या हिना अत्तराची अर्धी बाटली आहे. ती वापरू, ठेवू की टाकू, तेही कळत नाही. आपला धर्म याबद्दल काय सांगतो? आणि या तेलांचा खरंच उपयोग होतो का?

— ठाण्याची एक वाचक

उत्तर

शालोम ताई,

जाऊबाईंच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. अंगाला तेल किंवा अत्तर लावू नये हा नियम शिव्हाचा, म्हणजे सुतकाच्या पहिल्या सात दिवसांचा. पुढे काही घरांत तो तीस दिवस पाळतात. बारा महिन्यांचं सुतक आईवडिलांसाठी असतं. नवऱ्यासाठी, बायकोसाठी, भावंडांसाठी, अगदी लेकरासाठीसुद्धा ते तीस दिवसांत संपतं. तुम्हाला दहा महिने झाले. विधवेने सुगंध लावू नये, गजरा माळू नये, हे तोरात, आपल्या मूळ धर्मग्रंथात, कुठेही नाही. कोकणात राहता राहता आपण शेजाऱ्यांकडून मंगळसूत्र घेतलं, मेंदी घेतली, तशा काही नको त्या गोष्टीही घेतल्या. जाऊबाईंशी भांडू नका, पण त्यांचं ऐकूही नका.

आता बाटल्यांकडे वळते. माझं अर्धं आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलं आणि लहानपण रेवदंड्याला, जिथे आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत. घाणा चालवायचा आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, ही आपली ओळख. तेव्हा तेल या विषयावर दोन शब्द जास्त बोलले तर चालवून घ्या.

सुगंधाचं महत्त्व आपल्याकडे फार जुनं आहे. तालमूद म्हणजे जुन्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांचा ग्रंथ. त्याच्या बेराखोथ भागात एक प्रश्न आहे: वास घेण्याआधी बेराखा (देवाचे आभार मानणारं वचन) म्हणायचा, हे कशावरून? राव नावाच्या गुरूच्या नावाने उत्तर दिलंय ते तेहिलीमच्या शेवटच्या ओळीवरून, 'प्रत्येक प्राण देवाची स्तुती करो'. शरीराला ज्याचा काही लाभ नाही, पण प्राणाला आहे, अशी गोष्ट कोणती? तर वास. खाणंपिणं पोटात जातं. वासाने पोट भरत नाही, तरी माणूस सुखावतो. म्हणून त्याचे आभार वेगळे. आणि ते आभारही सरसकट नाहीत. सुगंधी झाडाझुडपांसाठी एक बेराखा, पाल्यासाठी दुसरा, वास घेण्याच्या फळासाठी तिसरा, आणि यांत न बसणाऱ्या सगळ्यासाठी 'बोरे मिने बेसामीम', तऱ्हेतऱ्हेचे सुगंध निर्माण करणारा.

तेलासाठी खास असा बेराखाही आहे, 'बोरे शेमेन आरेव', गोड तेल निर्माण करणारा. तो फक्त एकाच तेलाचा, बाल्सम नावाच्या सुगंधी झुडपाच्या तेलाचा. यरीहो आणि मृत समुद्राकाठचं एन गेदी इथे बाल्समची लागवड व्हायची आणि रोमन राज्यातही त्याला सोन्यासारखा भाव होता. एन गेदीच्या जुन्या सिनेगॉगच्या फरशीत मोझेकचा एक लेख सापडला आहे. गावाचं गुपित जो बाहेर फोडेल त्याला त्यात शाप दिलाय. हे गुपित म्हणजे बाल्सम बनवण्याची कृती असावी, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. ते झुडूप पुढे तिथून नाहीसं झालं. आज कोणी बाटलीवर 'बायबलमधलं बाल्सम' लिहून विकत असेल तर ते पडताळून पाहायला तिथली जुनी लागवडच उरलेली नाही.

तुमच्या किटची तीच गोष्ट. त्या काळात सुगंधी तेल म्हणजे ऑलिव्ह तेलात फुलं, सालं, डिंक मुरवून काढलेलं तेल. वाफेवर अर्क काढून छोट्या बाटलीत भरायची पद्धत मध्ययुगात अरब आणि फारसी वैद्यांच्या हाताखाली रुळली. मोशेच्या तंबूत असली बाटली नव्हती. वनस्पती त्याच असू शकतील, पण त्यांचा असा तीव्र अर्क तेव्हा कोणी अंगाला लावत नव्हतं. सगळ्या वनस्पतींचीही खात्री नाही. बाजारात 'हिसॉप' नावाचं जे तेल मिळतं त्याचं झाड युरोपातलं. ज्याला हिसॉप म्हणतात तो आपल्या पेसाहच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) गोष्टीतला एझोव मात्र बहुतेक जाणकारांच्या मते झातारच्या, म्हणजे रानटी ओरेगॅनोच्या, जातीचा पाला.

आणि ते 'मोशेचं अभिषेकाचं तेल'! इथे मला जरा रागच आला. तोरातल्या शेमोथ (निर्गम) पुस्तकाच्या 30 व्या अध्यायात त्याची कृती आकड्यांसकट दिली आहे: 500 शेकेल गंधरस, दालचिनी 250, सुगंधी वेत 250, तज 500 आणि एक हिन (जुनं माप) ऑलिव्ह तेल. 500 शेकेल म्हणजे पाच-सहा किलो. लगेच पुढे बजावलंय की हे सामान्य माणसाच्या अंगावर ओतायचं नाही, या प्रमाणात दुसरं बनवायचं नाही, आणि जो बनवेल तो आपल्या लोकांतून छेदला जाईल. हे तेल मिश्कानच्या (पवित्र तंबूच्या) भांड्यांसाठी आणि कोहेनांसाठी (पुरोहितांसाठी) होतं, झोप न लागणाऱ्या माणसासाठी नव्हतं. शिवाय तो 'सुगंधी वेत' नेमका कोणता यावर आजही वाद आहेत, मग मिश्रण तंतोतंत कसं होणार? त्या बाटलीत फार तर दालचिनी, तज आणि गंधरसाचे थेंब असतील. म्हणजे नियम मोडल्याचं पाप लागेल याची भीती नको. पण ज्याची नक्कल करू नका असं तोरा सांगते, त्याचंच नाव लावून विकणं मला तरी पटत नाही.

आपल्या जुन्या लोकांना याची केवढी चाड होती ते बघा. यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरात रोजचा धूप तयार करायचं काम अवतिनास नावाच्या घराण्याकडे होतं. कृती ते कोणालाही शिकवत नसत आणि त्याबद्दल तालमूदमध्ये त्यांना बोलही लागलेत. पण एका गोष्टीसाठी त्यांची वाखाणणी केली आहे. त्या घरातली नवरी कधीही अत्तर लावून बाहेर पडत नसे. बाहेरची मुलगी सून करून आणायची तर आधी तीच अट. मंदिराचा धूप घरी वापरतात, असं कोणी म्हणू नये म्हणून.

आता टाळूवर तेल आणि वर तेहिलीम. तेहिलीम जरूर म्हणा, रोज म्हणा. पण दुखण्यावर मंत्र टाकल्यासारखे पासूक (धर्मग्रंथातली वचनं) म्हणण्याला आपल्याकडे पक्का विरोध आहे. जखमेवर पासूक पुटपुटणाऱ्याबद्दल रब्बी अकिवा फार कडक बोलले आहेत. रामबाम हा मध्ययुगातला थोर धर्मपंडित तर स्वतः वैद्य होता, कैरोत सुलतानाच्या दरबारी औषधं देत होता. त्याने लिहून ठेवलंय की असं करणारे तोराच्या शब्दांना शरीराचं औषध बनवतात, आणि ते शब्द आहेत प्राणाचं औषध. देवाकडे मागण्यासाठी, धीर येण्यासाठी तेहिलीम वाचा. बाटलीचा गुण वाढावा म्हणून वाचू नका.

दुखण्यावर तेल चोळायला मात्र आपल्याकडे कधीच बंदी नव्हती. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात शब्बाथच्या नियमांत एक मजेदार वाद आहे. कंबर दुखत असेल तर शब्बाथच्या दिवशी साधं तेल लावावं, गुलाबाचं नको, कारण गुलाबाचं महाग, ते औषध म्हणूनच लावतात हे उघड दिसतं, आणि साध्या दुखण्यावर शब्बाथला औषध टाळतात. राजपुत्रांना मात्र चालेल, ते रोजच लावतात. त्यावर रब्बी शिमोन म्हणतात, इस्राएलची सगळी लेकरं राजपुत्रच! ते गुलाबतेल म्हणजे ऑलिव्ह तेलात मुरवलेल्या पाकळ्या. आजच्या वाफेवरच्या एक किलो अस्सल गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा किटमधल्या गुलाबाच्या बाटलीची किंमत बघून काय ते ओळखा.

आणि त्या बाईंच्या पत्रकावर मिश्लेचं (नीतिसूत्रांच्या पुस्तकातलं) ते वचन असेलच, तेल आणि धूप मनाला आनंद देतात. या मंडळींच्या पत्रकांवर ते हमखास असतं. वचन तिथे संपत नाही. पुढच्या अर्ध्यात मित्राच्या मनापासूनच्या बोलण्याची गोडी आहे. पुढचं अर्ध विकता येत नाही, म्हणून ते छापत नसावेत.

आता शनिवारच्या संध्याकाळकडे येऊ. किट येण्याच्या कितीतरी आधीपासून ती तुम्हाला छळते आहे. शब्बाथला माणसाला एक जादा प्राण मिळतो आणि शब्बाथ संपला की तो निघून जातो, असं तालमूदमधल्या रेश लाकिश या गुरूचं सांगणं आहे. हावदालाच्या वेळी वास का घ्यायचा? रामबाम एका ओळीत सांगतो: शब्बाथ जातो म्हणून प्राण दुखावलेला असतो, चांगल्या वासाने त्याला खूश करतो, त्याची समजूत काढतो. ज्याच्या घरात सगळे धडधाकट आहेत, त्याच्यासाठीही शनिवारची तिन्हीसांज जड असते हे हिशेबात धरून हा विधी घातला आहे. तुम्हाला त्या वेळी घर खायला उठतं यात तुमचं काही बिघडलेलं नाही. मात्र बिघाड एका ठिकाणी झालाय: त्या वेळेसाठी जे ठेवलं होतं तेच तुमच्या घरात दहा महिने बंद आहे.

तर हावदाला सुरू करा. 'हेच करायचे' हे मला समजतं, पण घरात पुरुष नाही म्हणून हावदाला नाही, असं नाही. एकट्या राहणाऱ्या बाईने स्वतः म्हणावा असं पुष्कळ रब्बी सांगतात. मनात शंका असेल तर सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या तुमच्या हाझानांना विचारा, ते छापील पुस्तकच हातात देतील. सामान घरातच आहे. द्राक्षाचा शरबत, मेणबत्ती, आणि बेसामीमसाठी मसाल्याचा डबा: चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, वाटलं तर वेलची. तेलाची बाटली इथे नकोच. खऱ्या लवंगेवर बेराखा म्हणायचा यात वाद नाही, बाटलीवर आहे. वनस्पतीचा शुद्ध अर्क असेल तर बेराखा म्हणायला पुष्कळजण सांगतात, कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम वासावर बहुतेकजण नको म्हणतात, आणि दुर्गंध घालवायला मारलेल्या स्प्रेवर तर नाहीच. लेबल वाचून यातलं काय आहे ते कळतंच असं नाही. ती लवंग हातात चुरडा, डोळे मिटून वास घ्या, सावकाश. घाई नको, 'बोरे मिने बेसामीम' पाच सेकंदांत उरकायची गोष्ट नाही.

मुलीला त्यात घ्या, पण वेळ बघून. ठाण्यात तारे दिसतात तेव्हा अश्दोदला अजून शब्बाथ चालू असतो. ती पाळत असेल तर फोन उचलणार नाही आणि तुम्हाला वाटेल, आईची आठवण नाही. हिवाळ्यात तिकडचा शब्बाथ आपल्या पावणेनऊच्या सुमाराला संपतो, ऐन उन्हाळ्यात अकराच्या आसपास. हावदाला रात्री उशिरा केला तरी चालतो. थंडीच्या दिवसांत थोडं थांबून दोघी व्हिडिओवर एकदम करा. बेराखे आपापले म्हणा, नातवाला लवंग हुंगायला लावा. 'एलियाहू हन्नाबी' हे गाणं तो तुमच्यापेक्षा मोठ्याने म्हणेल. उन्हाळ्यात जागत बसू नका, स्वतःचा करून मोकळ्या व्हा आणि रविवारी बोला.

सिनेगॉगमधून उठून येण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मला पत्रातली तीच सगळ्यांत जास्त लागली. मंदिराच्या धुपात अकरा द्रव्यं होती. जटामांसी होती, केशर होतं, दालचिनी होती, आणि एक होतं खेल्बना. हिंगाच्या जातकुळीतल्या झाडाचा हा डिंक, वास उग्र, नकोसा. तोराने ज्या चार द्रव्यांची नावं घेतली त्यांत हा आहे. त्यावरून तालमूदमध्ये म्हटलंय, ज्या उपासाच्या प्रार्थनेत इस्राएलचे पापी लोक सामील नाहीत तो उपासच नव्हे, कारण खेल्बनाचा वास वाईट असूनही तो धुपात मोजला आहे. एक द्रव्य कमी पडलं तर धूप बाद. तिथे बोलणं पाप्यांबद्दल चाललंय, रडणाऱ्यांबद्दल नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाप्यावाचून जमात पुरी होत नसेल, तर मागच्या बाकावर डोळे पुसणाऱ्या बाईवाचून कशी होईल? तुम्ही उठून गेल्याने कोणाचा शब्बाथ सुधारत नाही. पुढच्या शनिवारी बसून राहा. रुमाल जवळ ठेवा, त्यावर थोडं गुलाबपाणी शिंपडा. शब्बाथ लागायच्या आधी मात्र, कारण त्या दिवशी कपड्याला नवा वास लावत नाहीत.

आता काउंटरमागची बाई बोलते, ऐका.

गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. झोपेच्या बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या तर झोप आणखी उडते, घबराट वाढते, काहींच्या बाबतीत झटकेही येतात. मग त्या तेलवाल्या बाई म्हणतील, बघा, विष बाहेर पडतंय. ती गोळी कायम घेण्यासारखी नसेलही, पण ती हळूहळू कमी करायचं वेळापत्रक डॉक्टर देतात.

जिभेखाली थेंब? अजिबात नाही. हे तेल म्हणजे वनस्पतीचा शेकडो पटींनी घट्ट केलेला अर्क असतो. तो तोंडातली कातडी भाजतो, पोट बिघडवतो आणि दुसऱ्या औषधांशी भांडतो. नातू सुट्टीत येईल तेव्हा बाटल्या त्याच्या हाताला लागू देऊ नका. निलगिरीचं किंवा कापराचं तेल चमचाभरही लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. कोणाला दमा असेल तर त्या खोलीत डिफ्युझर लावू नका. दालचिनीचं आणि लवंगेचं तेल कातडीवर नकोच, टाळूवर तर नाहीच. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर डाग पडतात.

'फ्रिक्वेन्सी'बद्दल फार लिहीत नाही. बाटलीतल्या तेलाला अशी कसलीही लहर नसते, जिने दुःख उतरेल.

पण वासाचा उपयोग काहीच नाही, असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. वासाची वाट नाकातून मेंदूच्या त्या भागांकडे जवळून जाते जिथे भावना आणि आठवणी असतात. म्हणून एखाद्या वासाने चाळीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं राहतं. लॅव्हेंडरच्या वासाने चिंता थोडी कमी होते, झोपेला थोडी मदत होते, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा. तुम्हाला आवडत असेल तर एक चांगली बाटली घ्या, चार-पाचशे रुपयांची. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून उशीजवळ ठेवा. पाय चोळायचे असतील तर 30 मिली खोबरेलात सहा थेंब, त्याहून जास्त नाही, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट बघा. शनवार तेल्यांच्या घरातल्या बाईला खोबरेल कसं चोळायचं हे मी सांगायला नको. तेवढं चोळण्यानेही झोप येते, त्यात काही घातलं नाही तरी.

दहा महिन्यांनी शनिवारी रडू येणं हे दुःख आहे, आजार नाही. पण जेवण तुटलं असेल, आठवडाभर कशातच मन लागत नसेल, आपण नसलो तर बरं असं मनात येत असेल, तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाच सांगा. रात्री-अपरात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

हिना अत्तराची बाटली टाकू नका. मेलेल्याच्या बेसामीमवर बेराखा नसतो, असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. तो नियम मयताजवळ दुर्गंध झाकायला ठेवलेल्या सुगंधाचा आहे, मिस्टरांच्या कपाटातल्या अत्तराचा नाही. लावावंसं वाटलं तर लावा, नाही वाटलं तर राहू दे. फक्त हावदालाला ती बाटली घेऊ नका. अलीकडच्या बऱ्याच अत्तरांत कृत्रिम वास असतो, बेराख्याचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते त्या घटकेला तुम्हाला नुसता त्यांचा वास नको, थोडं पुढे नेणारा काहीतरी हवा. हे माझं मत आहे, धर्माचं नव्हे.

राहिल्या सोसायटीतल्या बाई. किट उघडलं नसेल तर उद्याच परत करा, आणि निरोपाने पाठवू नका, स्वतः घेऊन जा. 'आमच्यात अभिषेकाचं तेल असं वापरत नाहीत आणि डॉक्टरांनी तोंडाने घ्यायला मनाई केली आहे' एवढं पुरे. पहिलं खरंच आहे. दुसरं खरं करण्यासाठी आधी डॉक्टरांना एक फोन करा. बाई मनाने वाईट नाहीत असं तुम्ही म्हणता, तर त्यांना चहाला बोलवा, पण शनिवार सोडून.